बोकड्या कुणामुळे? मिरचीच्या पानाची पीसीआर तपासणी

गोव्यातल्या काणकोणच्या खोल्याच्या मिरचीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारात तिचा भाव विचारायला आता धीर लागतो. डोंगरउतारावर, पावसाच्या भरवशावर येणारं हे पीक. त्यावर बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, दिसला की पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पान आकसलं म्हणजे विषाणूच, असं नाही. फुलकिड्यांनी रस शोषला की कडा वर वळून पान होडीसारखं होतं. कोळी ही बारीक कीड लागली तर ते खाली वळतं. पांढऱ्या माशीनं लीफ कर्ल विषाणू आणला असेल तरी पान वरच वळतं, शिवाय शिरा जाडावतात, झाड खुजं राहतं. हिरवे-पिवळे चट्टे असतील तर मावा पसरवतो त्या काकडी मोझॅक विषाणूचा संशय. शेतात हे सगळं एकाच झाडावरही सापडतं. तिथं जाणत्याची नजरसुद्धा फसते.

मग उरते पीसीआर, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या पुष्कळ प्रती काढून तो ओळखण्याची तपासणी. प्रयोगशाळेत शेंड्याचं कोवळं पान वाटून त्यातला डीएनए वेगळा काढतात. लीफ कर्लचा डीएनए गोल, जेमतेम 2,700 अक्षरांचा, म्हणजे घटकांचा. त्यातल्या ठरावीक भागाला चिकटणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, मिसळून नळी यंत्रात ठेवायची. 94 अंशांना डीएनएचे धागे सुटतात, 55च्या आसपास प्रायमर चिकटतात, 72ला नवी प्रत तयार होते. अशा 30 फेऱ्यांत एकाच्या, निदान कागदावर तरी, शंभर कोटींहून जास्त प्रती होतात. मग जेल या पारदर्शक थरावर तुकडे लांबीनुसार वेगळे केले की अपेक्षित लांबीची रेघ उमटते.

पण पीसीआर विचारलं तेवढंच सांगते. काकडी मोझॅकचा जनुकसंच डीएनएचा नाही, आरएनए या त्याच्यासारख्याच रेणूचा. आधी आरएनएवरून डीएनए बनवला नाही तर जेल कोरं राहतं, आणि ‘विषाणू नाही’ असा अहवाल हातात पडतो! अशा अहवालात कोणकोणते विषाणू शोधले, हे आधी वाचावं. रेघ उमटली तरी लीफ कर्लच्या गोतावळ्यातला नेमका कोणता, हे अक्षरक्रम वाचल्यावरच कळतं. पूर्ण जनुकसंच ज्ञात जातीशी 91 टक्क्यांपेक्षा कमी जुळला, तर ती नवी जात मानतात.

विषाणू शिरलेलं झाड कुठल्याच फवारणीनं बरं होत नाही. ते उपटून टाकायचं, आणि पुढच्या वेळी रोपं बारीक जाळीखाली वाढवायची. कोळी निघाले तर मात्र कोळीनाशकानं काम भागतं, झाडं उपटायची गरज नाही. नमुना देताना त्याच शेतातल्या निरोगी झाडाचं पानही वेगळ्या पिशवीत द्यावं, तुलनेला लागतं.