खाडीत नायट्रोजन किती चालेल, ते गवताला विचारा

खाडीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'नायट्रेट मर्यादेत आहे, मग ओरड कसली?' ही मर्यादा पिण्याच्या पाण्याची, लिटरला 45 मिलिग्रॅम. जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते, म्हणून ती ठरली. नायट्रेटमधला नायट्रोजन हे शैवालाचं खत; खाडीत याच्या कितीतरी कमी नायट्रोजनवर सूक्ष्म शैवाल माजतं. शिवाय शैवाल भरात असताना त्यानं नायट्रेट फस्त केलेलं असतं, त्यामुळे बाटलीतला नमुना नेमका तेव्हाच 'स्वच्छ' निघतो.

मग आकडा ठरवायचा कसा? फ्लोरिडातल्या टॅम्पा बे या मोठ्या खाडीसाठी केलेला उलटा हिशेब मला फार आवडतो. 1950 च्या सुमारास तिथे तळाशी सुमारे 40 हजार एकर समुद्री गवत होतं. 1982 पर्यंत जेमतेम निम्मं उरलं. शास्त्रज्ञांनी आधी ठरवलं, गवत किती खोलपर्यंत परत यायला हवं. खाडीच्या मधल्या भागात 2 मीटर. तगायला त्याला पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या सुमारे 20.5 टक्के प्रकाश लागतो. पाणी दर मीटरला उरलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा गिळतं, म्हणून 0.205 चा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा: उणे 1.58. त्याला 2 नं भागलं की 0.79. प्रकाशाचं क्षीणन, म्हणजे खोलीबरोबर तो घटण्याचा दर, मीटरला याहून जास्त नको. क्षीणन होतं गाळामुळे, पाण्याच्या तांबूस रंगामुळे आणि शैवालातल्या हरितद्रव्यामुळे. यातलं तिसरं आटोक्यात आणता येतं, म्हणून तिथे हरितद्रव्याची वार्षिक सरासरी लिटरला 7.4 मायक्रोग्रॅम ठरली. मुखाजवळ गवत 2.5 मीटरपर्यंत हवं, तिथे 4.6. खाडीच्याच हिल्सबरो भागात 1 मीटर पुरे, तिथे 13.2. एकाच खाडीत इतका फरक! त्यावरून मग वर्षाला किती टन नायट्रोजन येऊ द्यायचा ते काढलं. फॉस्फरसला हात लावला नाही; त्या भागातल्या खडकांतच तो मुबलक आहे, शैवाल अडतं ते नायट्रोजनवाचून.

'जिवाणूंचे गोळे टाकून खाडी शुद्ध करतो' म्हणणाऱ्यांना म्हणूनच एवढंच विचारावं: वर्षाला किती टन नायट्रोजन बाहेर काढणार?

टॅम्पात सांडपाणी प्रक्रिया सुधारली, 2014 पर्यंत गवत पुन्हा 40 हजार एकरांवर गेलं. पुढे 2022 पर्यंत ते 30 हजारांच्या आसपास घसरलं. आकडा एकदा ठरवला की काम संपत नाही.

आपल्याकडे किनारी पाण्याचे एसडब्ल्यू-1 ते एसडब्ल्यू-5 असे वर्ग आहेत. त्यांच्या निकषांत विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), कोलिफॉर्म (मैला मिसळल्याची खूण असलेले जिवाणू) आहेत. नायट्रोजन, फॉस्फरस नाहीत. पण टॅम्पाचे आकडे उचलून ठाण्याच्या खाडीला लावणं हा वेडेपणा ठरेल. तिथे प्रकाश गाळच अडवतो. शैवाल कमी झालं तरी तळ उजळणार नाही. तिथली मोजपट्टी ऑक्सिजनची हवी, आणि तो मोजायचा पहाटेच्या ओहोटीला, तळाजवळ. भरदुपारी वरच्या पाण्यात शैवाल स्वतःच ऑक्सिजन सोडत असतं. तेव्हाचं रीडिंग फसवं.