भिंतीवरची राखी बी

चवथीच्या आधी घर झाडायला काढलं की कपाटामागच्या भिंतीवर ती हमखास दिसते. भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखी, दोन्ही टोकांना निमुळती, जेमतेम सेंटीमीटरभर. ही ‘बी’ म्हणजे एका छोट्या पतंगाच्या अळीचं घर. केरसुणी फिरते आणि ती केरात जाते. ती कसर नव्हे, पण आमच्या घरी सगळे तिला ‘कसर’च म्हणत आले. आजी तर ती दिसली की लुगड्यांच्या पेटीत डांबराच्या चार गोळ्या जास्त टाकायची.

हीच गल्लत शास्त्रज्ञांचीही झाली होती, आणि ती जवळजवळ साठ वर्षं टिकली. लॉर्ड वॉल्सिंगहॅम या इंग्रज अभ्यासकाने 1897 मध्ये वेस्ट इंडीजच्या सूक्ष्म पतंगांवर लिहिताना या पतंगाला ‘टिनिओला युटेरेला’ म्हटलं. टिनिओला म्हणजे लोकर कुरतडणाऱ्या खऱ्या कसरीचा वंश. पुढे 1956 मध्ये हिंटन आणि ब्रॅडली या अभ्यासकांनी चपटं घर वाहणाऱ्या अळ्यांचे पतंग त्यातून वेगळे काढले आणि नव्या वंशाला नाव दिलं ‘फेरीओइका’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ घर वाहून नेणारा. प्राचीन कवी हेसिअडने हाच शब्द गोगलगायीसाठी वापरला आहे. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात किड्याचं नुकसान नाही, त्याचं काम आहे.

ते काम एकदा थांबून बघाच. अळी अंड्यातून निघते ती थेट बांधकामालाच लागते. आधी रेशमाची छोटी कमान, मग कमान वाढवत बोगदा, मग तो खालून बंद करून नळी. आतून मऊ रेशीम, बाहेरून वाळू, केस, धूळ. आमच्या चिऱ्याच्या भिंतीवरची घरं म्हणूनच थोडी तांबूस असतात. दोन्ही तोंडं उघडी, त्यामुळे एका टोकाला बोट लावलं की अळी आत वळून दुसऱ्या टोकाने डोकं काढते, पुढच्या सहा पायांवर सगळं घर ओढत निघते.

पनामातल्या कीटक-अभ्यासक अ‍ॅनेट आयेलो यांनी 1979 मध्ये याच वंशातल्या एका जातीचा जीवनक्रम प्रसिद्ध केला. पनामासारखीच दमट हवा गोव्यालाही आहे. या किड्याला दमटपणा लागतोच, आणि आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खाणं म्हणजे जुनी कोळिष्टकं, मेलेले किडे, गळलेले केस, मिळाली तर लोकर. सुती कापडाला ती तोंड लावत नाही. आजीची लुगडी सुतीच होती.

पतंग मात्र फारसा कुणाच्या नजरेस पडत नाही. मादीचा पंखविस्तार 10 ते 13 मिलिमीटर, नर त्याहून लहान. रंग करडा, पुढच्या पंखांवर गडद ठिपके. तो उडून गेल्यावर भिंतीवर रिकामं घर लटकत राहतं, आणि त्याच्या टोकातून कोषाची पातळ साल अर्धी बाहेर आलेली दिसते.