लडाखमधील उत्तर-उन्हाळी भाजीपाला लागवड

लडाखमध्ये जूनअखेरपासून सप्टेंबरमधील पहिल्या हिमतुषारापर्यंत पेरणी, निगा व काढणी होणाऱ्या भाज्यांची लागवड. तीत मुख्यतः सलगम, मुळा, गाजर, कोबी, फुलकोबी, नवलकोल व पालेभाज्या येतात. काढलेल्या मालाची हिवाळ्यासाठी साठवण हा या पद्धतीचाच भाग समजला जातो. लेह (सु. ३,५०० मी.) येथे वार्षिक पर्जन्यमान १०० मिमी.च्या आसपास असून हिवाळ्यात पारा उणे २० अंश से.च्याही खाली उतरतो. हिमतुषारमुक्त काळ साधारणपणे मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत असतो. उंचीवरील गावांत तो पुष्कळच आखूड होतो.

इतिहास : लडाखमध्ये भाजीपाला कोणी आणला, हा प्रश्न मतभेदाचा आहे. प्रचलित समजुतीनुसार त्याचे श्रेय मोरेव्हियन पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांना दिले जाते. मोरेव्हियनांनी १८५० च्या दशकात लाहौलमधील (आजचा हिमाचल प्रदेश) केलांग येथे व १८८५ मध्ये लेह येथे केंद्र स्थापले. बटाट्याच्या बाबतीत हे श्रेय रास्त दिसते. लाहौलमध्ये तर बटाट्याचे आगमन सर्वसाधारणपणे केलांगच्या केंद्राशीच जोडले जाते. परंतु सर्वच भाज्यांना ते लावणे अतिव्याप्तीचे होईल. सलगम (न्युंगमा) व मुळा (लाबुक) ही कंदमुळे स्थानिक आहारात आणि बियाणे राखण्याच्या रूढ पद्धतीत इतकी मुरलेली आहेत, की त्यांची लागवड मिशनपूर्व मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शिवाय लेह हे यार्कंद, काश्मीर व तिबेट यांना जोडणाऱ्या व्यापारमार्गांवरील ठाणे होते आणि यार्कंदी व काश्मिरी व्यापाऱ्यांचा तेथे मुक्काम असे. गाजर, कांदा, नवलकोल यांसारख्या भाज्या या मार्गांनी आल्या असाव्यात, असेही एक मत आहे. इंग्रज पशुवैद्य व प्रवासी विल्यम मूरक्रॉफ्ट १८२०–२२ या काळात लडाखमध्ये होता. त्याच्या प्रवासवर्णनात (मरणोत्तर प्रकाशन, १८४१) शेती व चाऱ्याची पिके यांना बरीच जागा मिळालेली आहे. मिशनपूर्व स्थितीसाठी हे साधन विशेष उपयोगी आहे. एकंदरीत, जुन्या कंदमुळांच्या जोडीला मिशनऱ्यांनी बटाटा व काही युरोपीय भाज्या रुजवल्या, असे मानणे सुरक्षित होय.

विसाव्या शतकातील विस्तार मात्र १९६२ नंतरचा व लष्करी गरजेशी निगडित आहे. त्या वर्षी संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रयोगशाळा लेहमध्ये सुरू झाली (सध्याचे नाव डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ हाय अल्टिट्यूड रिसर्च). तिने उंचीवर टिकणारे वाण तपासले आणि स्थानिक शेतकऱ्यांना सैन्यासाठी भाजी पिकवण्यास उत्तेजन दिले.

प्रकाश व तापमान : लडाखची थंडी उंचीमुळे आहे, अक्षांशामुळे नव्हे. थंड प्रदेशांविषयीच्या सर्वसामान्य विवेचनात हा भेद अनेकदा सुटतो. लेह ३४° उत्तर अक्षांशावर असल्याने जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेचौदा तासांचा, तर डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस दहा तासांच्या किंचित आत असतो. याउलट अलास्कातील मॅटानुस्का खोऱ्यात जूनचा दिवस एकोणीस तासांहून मोठा असतो, आणि तेथील अजस्र कोबी त्या प्रकाशाचेच फळ आहेत. लडाखमध्ये हिवाळ्यातही झाडांना पुरेसा प्रकाश मिळतो. कमी पडते ती ऊब. हरितगृहे तेथे यशस्वी होण्याचे मूळ यातच आहे.

दीर्घ दिवसांत पालक व मुळा लवकर फुलोऱ्यावर येतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, दिवस आखडू लागल्यावर, केलेली पेरणी पानांसाठी व कंदांसाठी अधिक फायद्याची ठरते. विरळ, कोरड्या हवेमुळे रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. रात्री थंडावू लागल्या की कोबी व गाजर यांच्या पेशींत शर्करा साठते. तिने पेशीरसाचा गोठणबिंदू खाली येतो आणि भाजीला गोडीही येते.

पाणी : पिके वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर अवलंबून असतात. एप्रिल-मेमध्ये, पेरणीच्या ऐन वेळी, ओढे अपुरे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये हिमनद्यांचे पाणी भरपूर येते, पण तोवर हंगाम सरत आलेला असतो. उशिरा पेरायच्या व लवकर तयार होणाऱ्या भाज्यांचे महत्त्व या विसंगतीतून वाढते. वसंतातील तुटवडा भरून काढण्यासाठी हिवाळ्यात पाणी गोठवून साठवण्याचे प्रयोग झाले : चेवांग नोर्फेल यांच्या कृत्रिम हिमनद्या व पुढे सोनम वांगचुक यांचे हिमस्तूप (बर्फाचे उंच शंकू). पाटाच्या पाण्याच्या पाळ्या गावाने नेमलेला चुरपोन ठरवतो.

पिके व साठवण : सिंधू खोऱ्यातील सखल शाम भागात सातू काढल्यावर त्याच शेतात सलगम किंवा कुटू घेता येतो, लेहच्या उंचीवर दुबार पीक सहसा साधत नाही. तेथे कोबीवर्गीय रोपांची पुनर्लागण मे-जूनमध्ये करतात, तर सलगम जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पेरतात. कोरड्या शौचालयातील कुजलेले सोनखत हे पारंपरिक खत होय. मावा व रोपे कुरतडणाऱ्या अळ्या यांचा उपद्रव आढळतो.

सप्टेंबरमध्ये पाने व फोडी गच्चीवर वाळवतात. बटाटे, गाजरे, सलगम सादोंग या पेवासारख्या खड्ड्यात मातीने झाकून ठेवतात. खड्ड्यातले तापमान गोठणबिंदूच्या थोडेच वर राहत असल्याने माल वसंतापर्यंत टिकतो. निवडक कंद वसंतात पुन्हा लावून त्यांपासून बी धरतात. द्विवर्षायू (दुसऱ्या वर्षी फुलणाऱ्या) भाज्यांना फुलोऱ्यासाठी लागणारी थंडी त्यांना खड्ड्यातच मिळालेली असते.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हरितगृहांत हिवाळी पालकाची पेरणी होते. सुमारे एक मीटर खोल चर खणून वर पॉलिथीन ताणणे हा स्वस्त प्रकार आहे. सुधारित सौर हरितगृह पूर्व-पश्चिम लांब असते. त्याची दक्षिण बाजू पारदर्शक ठेवतात, तर उत्तरेची भिंत कच्च्या विटांची, दुहेरी व मध्ये पेंढा भरलेली असते. दिवसा तापलेली ही भिंत रात्री ऊब सोडते. काश्मीरकडून येणाऱ्या रस्त्यावरील जोजीला खिंड हिवाळ्यात बंद असताना ताज्या भाजीचा हा मोठा आधार असे. अलीकडे बंदीचा काळ घटला आहे.

चांगथांग पठारावर (४,२०० मी.हून उंच) वस्ती मुख्यतः पशुपालकांची आहे. भाजीपाला तेथे किरकोळ असून तो काही आडोशाच्या जागांपुरता व हरितगृहांपुरताच मर्यादित आहे.