सातबारा न कळणारं कॅलेंडर

जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत युनिक्स या संगणकप्रणालीची सातवी आवृत्ती तयार झाली. तिच्या मॅन्युअलमध्ये 'कॅलेंडर' या छोट्याशा कमांडचं एक पान आहे. तारीख कशी लिहायची ते सांगताना तिथे म्हटलंय, की 'डिसेंबर ७' चालेल, '१२/७' चालेल, पण '७ डिसेंबर' आणि '७/१२' ओळखता येणार नाही. अमेरिकेत महिना आधी लिहितात, एवढंच त्याचं कारण. तरी सातबारा न चालणारं हे पहिलंच कागदपत्र पाहून मला जे हसू आलं, ते त्या पानाच्या लेखकाला समजावून सांगणं अवघड आहे.

इंटरनेटशिवाय, खिडक्या-बटणांशिवाय, नुसत्या कमांडवर अपॉइंटमेंटची आठवण ठेवणाऱ्या साधनांचा इतिहास इथून सुरू करावा असं हे पान आहे. कमांडचं काम अगदी साधं. तुमच्या डिरेक्टरीत 'कॅलेंडर' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. 'डिसेंबर ७ दातांचे डॉक्टर, ४ वाजता' अशी ओळ त्यात टाकायची. कमांड चालवली की ज्या ओळींमध्ये कुठेही आजची किंवा उद्याची तारीख सापडेल, त्या ओळी जशाच्या तशा छापल्या जातात. अपॉइंटमेंट म्हणजे काय, डॉक्टर कोण, चार वाजता म्हणजे केव्हा, यातलं काहीही प्रोग्रॅमला कळत नाही. त्याला फक्त ओळ उचलता येते.

खरी हुशारी 'उद्या' या शब्दात आहे. शुक्रवारी 'उद्या'ची हद्द थेट सोमवारपर्यंत वाढते, कारण शनिवार-रविवारी ऑफिसात येऊन यादी कोण बघणार? त्याच पानावर तळाशी, दोषांच्या यादीत, प्रांजळपणे कबूल केलंय की या लांबवलेल्या 'उद्या'ला सणावाराच्या सुट्ट्या कळत नाहीत. आणखी एक कबुली तिथे आहे: घरबसल्या आठवण हवी असेल तर तुमची फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवावी लागेल. म्हणजे तुमच्या दाढेची बातमी शेजारच्या टेबलावर आधीच पोचलेली.

घरबसल्या म्हणजे काय, तर ठरल्या वेळी कामं सुरू करून देणारा 'क्रॉन' नावाचा प्रोग्रॅम पहाटे कॅलेंडरला उठवायचा, ती प्रत्येकाची फाइल चाळायची आणि काही सापडलं तर त्याला मेल टाकायची. हा मेल कुठे बाहेर जात नव्हता. मशीन एकच, त्यावर टर्मिनल लावून बसलेले अनेक जण, आणि पोस्टमन त्याच मशीनमधला. 'ऑफलाइन' असं वेगळं म्हणण्याची गरजच नव्हती.

या किरकोळ सोयीने एका मोठ्या कामाला धक्का दिला, हे फारसं कुणाला माहीत नसतं. तारखा नाना रूपांत लिहिल्या जातात, म्हणून बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांच्या या कॅलेंडर सेवेतून शोधासाठी एक लांबलचक पॅटर्न, म्हणजे शोधायच्या रूपांचा साचा, तयार व्हायचा आणि तो 'ई-ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅमला दिला जायचा. ई-ग्रेप त्यांचे सहकारी आल्फ्रेड आहो यांचा. त्यांची पद्धत अशी, की शोध सुरू करण्याआधी पॅटर्नचा पूर्ण तक्ता बांधून घ्यायचा. पण कॅलेंडरचा पॅटर्न एवढा मोठा, की तक्ता बांधण्यातच वेळ जायचा आणि शोधायला दोन-चार ओळी. लग्न दहा माणसांचं आणि मांडव हजारांचा. मग आहोंनी पद्धत बदलली: तक्त्याचा जो कप्पा प्रत्यक्षात लागेल, तोच त्या क्षणी बांधायचा. ही युक्ती मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुढे रुळली.

सातव्या आवृत्तीत क्रॉनबरोबर 'ॲट'ही होती. क्रॉन वारंवार करायच्या कामांसाठी, ॲट एकदाच करायच्या. क्रॉन दर मिनिटाला जागा होऊन आपली यादी बघायचा. ॲटला स्वतःचं घड्याळ नव्हतं. क्रॉन तिच्या मदतनिसाला अधूनमधून उठवायचा, त्यामुळे चारचं काम चारच्या ठोक्याला होईलच असं नाही. पुढे पर्ड्यू विद्यापीठातल्या रॉबर्ट ब्राउन यांनी कामं वेळेनुसार रांगेत लावली, म्हणजे पुढचं काम येईपर्यंत क्रॉनला खुशाल झोपता येईल. १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांचा क्रॉन आला आणि लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्याच धर्तीच्या पुढच्या प्रणालीवर, अनेक वर्षं तोच चालला. लिनक्सवरच्या ॲटला 'नून' आणि 'मिडनाइट'बरोबर 'टीटाइम' हा शब्दही कळतो, आणि त्याचा अर्थ दुपारचे चार. इथे मात्र आपली आणि त्यांची वेळ जुळते.

पण मला सगळ्यात आवडते ती 'लीव्ह'. बर्कली विद्यापीठाने काढलेल्या युनिक्समध्ये, म्हणजे बीएसडीच्या तिसऱ्या आवृत्तीत, ही कमांड आली. 'लीव्ह १७३०' असं टाइप करायचं, म्हणजे साडेपाचला निघायचंय. नुसतं 'लीव्ह' म्हटलं तर तीच विचारते, कधी निघायचंय? पाच मिनिटं आधी ती सांगते, एक मिनिट आधी सांगते, वेळ झाली की सांगते. मग दर मिनिटाला, टर्मिनलची घंटी वाजवून, 'उशीर होणार तुला' असा धोशा. तुम्ही पत्र लिहीत असा नाहीतर प्रोग्रॅम, त्याच्या मधोमध ही ओळ येऊन पडते. आणि दहा मिनिटांनी शेवटचं: 'आता पुन्हा सांगणार नाही. येते.' तुम्ही लॉगआउट केलंत की ती मुकाट्याने संपते, कारण तुम्ही निघालात असं तिने धरलेलं असतं. दारात चप्पल घालून उभ्या असलेल्या आईचा स्वर कुणीतरी शंभरेक ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बरोबर पकडलाय.

तारखांच्या गुंत्याला खरं उत्तर मिळालं ते 'रिमाइंड'मुळे. कॅनडातल्या डायॅन स्कॉल यांनी १९९० च्या आगेमागे लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम त्या आजही सांभाळतात. फाइल पूर्वीसारखी साध्या मजकुराचीच, पण आता प्रोग्रॅमला तारखेचा अर्थ कळतो. बँकेचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१५ पासून आपल्याकडे दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. क्रॉनला 'दुसरा शनिवार' सरळ सांगता येत नाही. ८ ते १४ तारीख आणि शनिवार असं लिहिलं, तर तो दोन्हींत 'किंवा' धरतो आणि आठवडाभर रोज ओरडतो. रिमाइंडमध्ये 'सॅट ८' एवढंच लिहायचं: आठ तारखेला किंवा तिच्यानंतर येणारा पहिला शनिवार. चौथ्यासाठी 'सॅट २२'. किती दिवस आधी सांगायचं ते अधिक चिन्ह लावून लिहायचं, आणि सुट्ट्या जाहीर केल्या असतील तर ते दिवस मोजताना त्या वगळल्या जातात. १९७९ च्या दोषांच्या यादीतली ती ओळ इथे निकालात निघाली. '७ डिसेंबर' आणि 'डिसेंबर ७' दोन्ही चालतात. सातबारा अजूनही नाही.

मधल्या काळात मशीन मात्र बदललं. पहाटे जागा असणारा सामायिक संगणक गेला आणि झाकण लावून पिशवीत जाणारा लॅपटॉप आला. मशीन बंद असताना आलेली वेळ क्रॉन सोडून देतो, मागे वळून बघत नाही. 'अनाक्रॉन' त्यासाठीच निघाला: चालू झाल्यावर राहिलेली रोजची कामं तो उरकून घेतो. पोस्टमनही गेला. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर मशीनअंतर्गत मेलची सोयच नसते, आणि ॲटचं काम पडद्याआड चालतं, त्यामुळे त्याने छापलेली ओळ तुमच्यासमोर येतच नाही.

हे मी स्वतः भोगलंय. दातांच्या डॉक्टरांची चारची वेळ होती आणि मी साडेतीनची ॲट लावली, तीही ज्या दूरच्या सर्व्हरवर तेव्हा काम करत होतो त्यावर. साडेतीन झाले, काही आलं नाही, मी कामात. तीन आठवड्यांनी पुन्हा लॉगिन केलं तेव्हा 'यू हॅव मेल'. उघडलं तर माझीच ओळ, वेळ १५:३०, मिनिटाचाही उशीर नाही. तोवर दाढ काढून झाली होती.

तेव्हापासून मी क्रॉन आणि ॲट दोन्ही सोडले. टर्मिनल उघडलं की आधी रिमाइंड चालतं, अशी एक ओळ शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये टाकली आहे. दिवसभरात वीस वेळा टर्मिनल उघडतो, वीस वेळा तीच यादी दिसते. आणि खुर्चीतून उठायचंच असेल, तर लीव्ह.