टेलनेटपासून एसएसएचपर्यंत: पोर्ट 22 ची पार्श्वभूमी

1995 साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर एक छुपा प्रोग्रॅम सापडला. नेटवर्कच्या मुख्य वाहिनीला जोडलेल्या एका सर्व्हरवर कुणीतरी तो बसवला होता. उघडकीला आला तेव्हा त्याच्यापाशी हजारो युजरनेम आणि पासवर्ड जमा झाले होते. ते मिळवायला कुठलंही कुलूप फोडावं लागलं नव्हतं. पासवर्ड तारेवरून उघडेच जात होते, ते फक्त टिपून घेतले गेले.

ते उघडे जात होते याचं कारण टेलनेट. दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याची ही पद्धत आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, जन्माइतकी, म्हणजे 1969 इतकी जुनी. यात दाबलेलं अक्षर जसंच्या तसं नेटवर्कवर जातं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, म्हणून तो झाकलेला आहे असं वाटतं. तारेवर मात्र तो स्वच्छ वाचता येतो. त्यात तेव्हाच्या इथरनेटवर, म्हणजे मशीन केबलने जोडण्याच्या पद्धतीत, एका केबलवरच्या सगळ्या मशीनपर्यंत सगळ्यांची पॅकेट्स (माहितीचे छोटे तुकडे) पोचत. दुसऱ्याची पॅकेट्सही ठेवून घे, असं नेटवर्क कार्डाला सांगितलं की काम झालं.

बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या आरलॉगिन आणि आरएसएच या दूरच्या मशीनवर काम करण्याच्या कमांड याही पुढे गेल्या. ओळखीच्या मशीनवरून कुणी आलं तर पासवर्ड विचारायचाच नाही! 2 नोव्हेंबर 1988 रोजी सुटलेल्या मॉरिस वर्मने, म्हणजे मशीनमागून मशीनमध्ये आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, ज्या वाटा वापरल्या, त्यात हा विश्वासही होता. तरी त्या अभियंत्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. मोजक्या विद्यापीठांमधली, बरीचशी एकमेकांना ओळखणारी माणसं ते नेटवर्क वापरत होती. माणसं वाढली, पण प्रोटोकॉल, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, तेच राहिले. फेब्रुवारी 1994 मध्ये अमेरिकेतल्या 'सर्ट' या संगणक-सुरक्षा संस्थेने पासवर्ड टिपण्याच्या हल्ल्यांबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हाही बहुतेक ठिकाणी टेलनेटच चालू होतं.

हेलसिंकीतल्या चोरीनंतर तिथलेच संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच (सिक्युअर शेल) लिहिलं. यातही दूरच्या मशीनवर लॉगिन करता येतं, पण पासवर्डसह सगळं एनक्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, तारेवरून जातं. आणि जुलै 1995 मध्ये ते सर्वांसाठी मोफत खुलं केलं. टेलनेट आणि फाइली पाठवायची एफटीपी या दोन्हींची जागा त्याने घ्यावी, ही त्यांची इच्छा. मशीनवरच्या प्रत्येक सेवेचा दरवाजा ज्या क्रमांकाने ओळखतात, तो तिचा पोर्ट. एफटीपी पोर्ट 21 वर, टेलनेट 23 वर, आणि मधला 22 मोकळा. त्यांनी तो क्रमांक ईमेलने मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो मिळाला.

एनक्रिप्शन ही कल्पना काही नवी नव्हती. माझ्या मते एसएसएच पसरलं ते सवय मोडावी न लागल्यामुळे. आरएसएचच्या जागी एसएसएच, फाइल कॉपी करणाऱ्या आरसीपीच्या जागी एससीपी. कमांड जवळपास तीच, फक्त एका अक्षराचा फरक. सिस्टिम सांभाळणाऱ्याला नव्याने शिकायला फारसं काही उरलं नाही. वर्ष संपेपर्यंत सुमारे 50 देशांत 20,000 जण ते वापरू लागले होते.

पुढे मूळ एसएसएचच्या परवान्याच्या अटी कडक होत गेल्या. तेव्हा ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी मोकळ्या परवान्याची जुनी आवृत्ती, 1.2.12, पायाला धरली आणि डिसेंबर 1999 मध्ये ओपनएसएसएच आणलं. आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर हेच असतं. पहिल्या प्रोटोकॉलमध्ये दोष सापडले होते, म्हणून नव्याने रचलेली दुसरी आवृत्ती 2006 मध्ये आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज, म्हणून प्रसिद्ध झाली.

टेलनेट मात्र स्वस्त कॅमेऱ्यांत आणि राउटरमध्ये टिकून राहिलं, तेही कारखान्यातून आलेल्या पासवर्डसह. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रॅमने) युजरनेम-पासवर्डच्या अशा साठेक ठरलेल्या जोड्या आजमावत लाखो उपकरणं ताब्यात घेतली.