1200 नंबरचा घोळ कुठून आला: लॅपिंगच्या पावडरींची पार्श्वभूमी

लॅपिंग म्हणजे बारीक, कठीण पावडर मधे घालून पृष्ठभाग घासत अगदी गुळगुळीत करणं. त्यासाठी कुरुंद आणि एमरी ही खाणीतून येणारी जुनी साधनं. आजची निवड ठरली ती 1891 मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार झालं तेव्हापासून. त्यापाठोपाठ भट्टीतलं ॲल्युमिनियम ऑक्साइडही आलं. पहिलं जास्त कठीण, धारदार आणि ठिसूळ. काच, सिरॅमिक, ओतीव लोखंड झपाट्याने कापतं. दुसरं थोडं मऊ, पण चिवट. पितळेसारख्या मऊ धातूत सिलिकॉन कार्बाइडचे टोकदार कण रुतून बसतात आणि जोडणी झाल्यावरही समोरचा भाग झिजवत राहतात, म्हणून तिथे ते टाळतात.

पदार्थ ठरला तरी नंबराचा घोळ उरतोच. मुळात नंबर म्हणजे चाळणीच्या जाळीत एका इंचाला किती भोकं. हे साधारण 220 पर्यंत जमतं. त्यापुढे कण इतके बारीक होतात की जाळी चालत नाही; ते द्रवात किती वेगाने खाली बसतात यावरून प्रतवारी करावी लागते. इथे वेगवेगळी कोष्टकं निघाली, पण नंबर मात्र जुन्याच चालीने वाढत गेले.

परिणाम बघा. पॉलिश पेपरवरचा पी 1200 म्हणजे साधारण 15 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण. जपानी पद्धतीचा 1200 साधारण 9.5 मायक्रॉन. सुट्या पावडरीचा युरोपियन एफ 1200 फक्त 3. व्हॉल्व्हच्या सीटला (व्हॉल्व्ह जिथे घट्ट टेकून बंद होतो त्या जागेला) शेवटचा हात द्यायला 3 मायक्रॉनची पावडर हवी असताना डब्यावर नुसतं ‘1200’ वाचून 15 ची आणली, तर तास तास घासूनही पृष्ठभाग राखाडीच राहणार. दोष कारागिराच्या माथी जातो, हे मला अन्यायाचं वाटतं. ड्रॉइंगवर मायक्रॉनच लिहायला हवेत.

1955 मध्ये कृत्रिम हिरा जाहीर झाला आणि पुढे हिऱ्याची पेस्ट सर्रास मायक्रॉनमध्येच विकली जाऊ लागली. टंगस्टन कार्बाइडसारख्या फार कठीण पदार्थाच्या कामात त्यामुळे हा घोळ बराच कमी झाला. तरी मायक्रॉनचा आकडाही मधल्या कणाचा असतो. एफ 1200 मध्ये 3 चा मध्य धरला तरी 7 मायक्रॉनपर्यंतचे कण चालतात, आणि खोल ओरखडा तेच पाडतात. पावडर घेताना कमाल कणाची मर्यादाही विचारावी.