जेनेट रँकिन : दोन्ही महायुद्धांना 'नाही' म्हणणाऱ्या खासदार

पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव आला. बाजूने ३८८ मते पडली, विरोधात एक. ते एक मत मोंटानाच्या जेनेट रँकिन यांचे होते. मतदानानंतर लोक असे अंगावर आले की बाईंना टेलिफोन बूथमध्ये शिरून पोलिसांना बोलवावे लागले. अनेकांना ही विक्षिप्त बाईची लहर वाटली. त्यांचा आधीचा प्रवास पाहिला की तसे म्हणवत नाही.

१८८० साली मिझुलाजवळ जन्मलेल्या रँकिन स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतून घडल्या. मोंटानात १९१४ मध्ये स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, त्यात त्यांच्या गावोगावच्या प्रचाराचा मोठा वाटा होता. दोनच वर्षांत रिपब्लिकन पक्षातर्फे त्या निवडून आल्या आणि अमेरिकी काँग्रेसमधील पहिली स्त्री ठरल्या. देशभरातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळायला तेव्हा अजून चार वर्षे होती!

२ एप्रिल १९१७ला शपथ झाली आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. निवडणुकीची सगळी धुरा वाहिलेला भाऊ वेलिंग्टन युद्धाच्या बाजूने मत द्या म्हणून मागे लागला होता. विरोधात मत दिले तर चळवळीचे नुकसान होईल, अशी काही सहकारी स्त्रियांनाही धास्ती होती. ६ एप्रिलच्या पहाटे नाव पुकारले गेले तेव्हा त्या गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा पुकारल्यावर उठून म्हणाल्या, "मला देशाच्या पाठीशी उभे राहायचे आहे, पण युद्धासाठी मत देता येणार नाही." मत देताना भाषण करायचे नाही, हा सभागृहाचा रिवाजही त्यांनी मोडला. विरोधात एकूण ५० मते पडली, पण टीकेचा भडिमार झाला तो मुख्यतः त्यांच्यावर.

त्यांच्या कामाची दुसरी बाजू मला तितकीच मोलाची वाटते. जून १९१७ मध्ये मोंटानातील ब्यूटच्या खाणीत आग लागून १६८ कामगार दगावले आणि खाण कामगारांनी संप पुकारला, तेव्हा त्या बलाढ्य अ‍ॅनाकोंडा या तांब्याच्या खाण कंपनीच्या विरोधात संपकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. १९१८ मध्ये सिनेटची निवडणूक त्या हरल्या; प्रतिनिधिगृहात परतल्या त्या थेट १९४०च्या निवडणुकीने.

१९४१च्या मताने त्यांची संसदीय कारकीर्द संपली, काम संपले नाही. गांधीजींच्या अहिंसेच्या ओढीने १९४६ ते १९७१ या काळात त्या सात वेळा भारतात आल्या. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या हजारो स्त्रियांच्या मोर्चात त्या सर्वांत पुढे होत्या.